रोथाम्बाची खाचरं

संतिगी कामारानं रंगवलेल्या नकाशात ललिता ओव्हाळ यांना पहिल्यांदा खटकलं ते एवढंच, की पडीक म्हणून दाखवलेली जमीन पावसाळ्यात पडीक जमिनीसारखी वागत नव्हती.

सदाशिव पेठेतल्या एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर अनंत आगाशे यांचं नकाशांचं ऑफिस होतं. खाली स्पर्धा परीक्षांचा क्लास, त्यामुळे जिन्यात कायम चपलांचा ढीग आणि दारात स्कूटरींची दाटी. वर पाचसहा माणसं उपग्रहांची चित्रं बघून जमिनीचे नकाशे करत. ललिताताई त्यांतल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या. सरकारी नोकरीत उभी हयात कालव्यांवर काढून त्या निवृत्त झाल्या आणि घरी करमेना म्हणून इथं पाण्याच्या बाजूनं नकाशे तपासायला येऊ लागल्या. कालव्यावरच्या नोकरीनं त्यांना एक सवय लावली होती. कोणी म्हणालं, पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोचलं, की त्या आधी शेवटच्या शेतात जाऊन उभ्या राहत.

या वेळचं काम पश्चिम आफ्रिकेतलं होतं. सिएरा लिओन देशातली भातशेतीची एक दरी. दोन टेकड्यांच्या मध्ये लांबट, ओला पट्टा आणि त्यातून वाहणारा ओढा. दरीच्या वरच्या अंगाला एका कंपनीनं बांध घालून पाणी अडवलं होतं आणि यंत्रांवर चालणारी मोठी भातशेती काढली होती. खालच्या अंगाला रोथाम्बा नावाचं गाव. गेल्या वीसेक वर्षांत या दरीत शेती कुठं वाढली, कुठं मोडली आणि पाणी कुठून कुठं गेलं, याचा अहवाल परदेशातल्या एका सल्लागार संस्थेला हवा होता. त्या संस्थेनं ते काम आगाशेंकडे दिलं होतं.

संतिगी त्याच भागातला. शिष्यवृत्तीवर पुण्यात शिकायला आलेला, कसब्यात तांबट आळीत खोली घेऊन राहणारा. त्याला तिकडची माती ठाऊक म्हणून आगाशेंनी या कामापुरता घेतला होता. दोन वर्षांत तो मराठी बरंच शिकला होता. एरवी ऑफिसात त्याच्याशी सगळे इंग्रजीच बोलत, पण ललिताताईंशी तो हट्टानं मराठीत बोलायचा.

रोथाम्बाच्या खालची सगळी दलदल त्यानं एकाच रंगानं रंगवली होती: पडीक, झुडपं वाढलेली.

ललिताताईंनी रडारची चित्रं उघडली. ही चित्रं ढगांच्या आरपार बघतात, म्हणून पावसाळ्यातही जमीन दिसते. साचलेलं पाणी त्यांत काळं दिसतं आणि भात वर आला की तीच जागा उजळत जाते. झुडपांचं तसं नसतं. ती वर्षभर साधारण एकसारखीच दिसतात. संतिगीची पडीक जमीन मात्र ऐन पावसाळ्यात काळी पडत होती, नंतर उजळत होती आणि पाऊस सरल्यावर एकदम मंदावत होती. आदल्या वर्षी तसंच, त्याच्या आदल्या वर्षीही तसंच.

म्हणजे चिखलणी, लावणी आणि कापणी. मावळातल्या आजोळी लहानपणी गुडघाभर चिखलात भाताची रोपं, आवण, लावलेल्या बाईला हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या सुरुचीला हाक मारली. "हा तुकडा कोणाच्या वाटणीचा होता?"

"संतिगीचा. त्यानं मागूनच घेतला होता, ताई. म्हणाला, मला तो भाग माहितीये." सुरुचीनं मान वर केली. "का? काही मिस्टेक आहे का?"

"बघते," ललिताताई म्हणाल्या.

चूक म्हणून त्यांना ती पटेना. बाकीच्या दरीत त्या मुलानं विहिरीएवढं खाचरसुद्धा सोडलं नव्हतं. आणि नेमक्या त्याच्या ओळखीच्या जागी त्याला भरलेलं भात दिसू नये?

त्या दिवसापासून त्या त्याच्यावर नजर ठेवू लागल्या. फोन आला की तो उठून जिन्यात जाई आणि आपल्या भाषेत हलक्या आवाजात बोले. ललिताताई पाणी भरायच्या निमित्तानं तिकडे गेल्या की बोलणं थांबे. एकदा तो आगाशेंच्या केबिनमधून बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. त्यांनी सहज विचारलं, "काय म्हणत होते सर?"

"काही नाही, मॅडम. खालची जमीन नक्की रिकामी आहे ना, विचारत होते."

"मग?"

"मी हो म्हणालो."

आगाशेंना ती जमीन रिकामीच का हवी होती? ललिताताईंच्या मनात एक चित्र तयार व्हायला लागलं. कंपनीला खालची जमीनही घ्यायची असणार. वापरातली जमीन घ्यायची म्हणजे लोकांशी बोलणी आली, भांडणं आली. रिकामी जमीन घेणं सोपं. आणि रिकामी आहे हे सांगायला तिथलाच एक शिकलेला मुलगा मिळाला, तर आणखी काय हवं? त्याला काय कबूल केलं असेल? नोकरी? पुढच्या शिक्षणाची सोय? आपल्या गावाला विकणारी पोरं त्यांनी नोकरीत कमी पाहिली नव्हती.

शनिवारी त्या मंडईत भाजीला गेल्या तर समोर संतिगी. त्याच्याबरोबर बोलणारा एक उंच, टोपीवाला माणूस त्यांना पाठमोरा दिसला आणि त्या गवारीच्या ढिगाआड थबकल्या. टोपीवाला वळला. तो पालेभाजीचा गाळेवाला निघाला.

"अहो, रताळ्याचा पाला कोणी खातं का?" तो म्हणत होता. "आमच्या गावाकडं गुरांना घालत्यात. रताळी घ्या की!"

"आमच्याकडे पाल्याचं कालवण करतात," संतिगी समजूत घालत होता. "भाताबरोबर. तुम्ही फक्त आणून द्या."

ललिताताईंना स्वतःचीच थोडी लाज वाटली, पण संशय तेवढ्यानं गेला नाही. त्या पुढे झाल्या.

"संतिगी, रोथाम्बाच्या खाली काय आहे?"

त्यानं दचकून पाहिलं. "मॅडम, तुम्ही इथे?"

"मी विचारलं ते सांग."

"झुडपं आहेत. लोक सोडून गेले."

"झुडपं दरवर्षी पाण्यात उभी राहतात आणि दरवर्षी कापली जातात?"

खांद्यावरची पिशवी त्यानं उगीच दुसऱ्या खांद्यावर घेतली. "पावसाळ्यात सगळीकडेच पाणी असतं," तो शेवटी म्हणाला आणि पाल्याचं काय ते न ठरवताच गर्दीत निघून गेला.

सोमवारी तो आला नाही. बरं नाही, असा निरोप त्यानं सुरुचीजवळ दिला होता. आता हे आगाशेंच्या कानावर घालावं, असं ठरवून ललिताताई केबिनपाशी गेल्या. दार अर्धवट उघडं होतं आणि आगाशे फोनवर कंपनीच्या कोणाशी तरी इंग्रजीत बोलत होते.

"हो, हो. खालचा पट्टा रिकामाच दिसतोय. तुम्हाला विस्ताराला लागेल तेवढा. आमचा तिकडचाच मुलगा आहे ना, त्यानंच खात्री केलीय."

ललिताताई पाऊल न वाजवता मागे फिरल्या. त्यांच्या दृष्टीनं दोघं एकाच माळेचे मणी ठरले. आता सांगायचं कोणाला? आगाशेंना सांगावं, तर ते संतिगीला सावध करतील. गप्प बसावं, तर अहवाल आठवड्यात जाईल आणि त्या खाचरांवर कायमचा शिक्का बसेल.

त्या टेबलाशी येऊन बसल्या, पण कामात लक्ष लागेना. मावळात त्यांच्या आजोबांचीही अशीच खाचरं होती, टेकडीच्या पोटात, रस्त्यावरून न दिसणारी. धरणाच्या वेळी मोजणीला आलेल्या माणसानं खाली उतरायचे कष्ट घेतले नाहीत. रस्त्यावर उभं राहूनच त्यानं त्या जागेला पड म्हणून लिहिलं. वस्ती खालच्या जातीची, तेव्हा विचारायला जायची त्याला गरजही वाटली नसावी. पुढं पाणी चढलं, तेव्हा पड जमिनीच्या बदल्यात जमीन मिळत नाही, असं उत्तर मिळालं. आई ती गोष्ट सांगताना आवाज चढवत नसे. फक्त त्या भाताचा वास कसा होता, ते सांगायची.

दुपारी त्या तडक कसब्यात गेल्या. तांबट आळीत हातोड्यांचे ठोके चालू होते. घंगाळ घडवणाऱ्या एका कारागिरानं संतिगीचं नाव घेताच न बोलता वरच्या जिन्याकडे बोट दाखवलं.

संतिगी आजारी नव्हता. खिडकीपाशी लॅपटॉप घेऊन बसला होता. त्यांना दारात पाहून तो उठला, खुर्चीवरचे कपडे उचलून त्यानं खुर्ची पुढे केली आणि स्वतः उभाच राहिला.

"किती दिवस लपशील?" ललिताताई बसल्याच नाहीत. "कंपनीनं काय कबूल केलंय तुला?"

"कंपनीनं?"

"खालची जमीन रिकामी दाखवायची. आगाशे सरांनाही तेच हवंय. मी ऐकलंय. ज्यांच्या तोंडचा घास काढून घेताय, ती तुझीच माणसं आहेत ना?"

संतिगी मराठी सोडून इंग्रजीत बोलू लागला, भरभर.

"त्या खाचरांत माझी आई भात लावते. माझी आई, माझी मावशी आणि गावातल्या अजून कितीतरी बायका. कंपनीनं बांध घातला तेव्हा खाली पाणी येणंच बंद झालं. दोन पावसाळे खाचरं कोरडी गेली, तेव्हा खरोखरच तिथं झुडपं वाढली. मग बायकांनी बांधाच्या टोकाला, टेकडीच्या कडेनं एक चर खणला. तेवढ्या पाण्यावर त्या पुन्हा भात काढतात. कंपनीला वाटतं, बांध झिरपतो. हिरवी खाचरं नकाशात दाखवली, तर पहिला प्रश्न येईल, पाणी कुठून आलं? मग पाणी चोरलं म्हणून पोलीस येतील. मी पैसे घेतले, असं तुम्हाला वाटलं?"

"हो," ललिताताई म्हणाल्या. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

"तो नकाशा सुरुचीनं असाच रंगवला असता, तर तुम्हाला काय वाटलं असतं?"

ललिताताईंना उत्तर माहीत होतं. सुरुचीची चूक झाली, असं वाटलं असतं. नोकरीत नवीन असताना साहेबांचं घड्याळ हरवलं, तेव्हा सगळ्या ऑफिसानं आधी कोणाकडे पाहिलं होतं, हे त्या विसरल्या नव्हत्या. घड्याळ साहेबांच्या गाडीत सापडलं, पण ती नजर त्यांच्या अंगावरून कधी गेली नाही. आणि आज त्याच नजरेनं त्यांनी या मुलाकडे पाहिलं होतं.

"माझं चुकलं," त्या म्हणाल्या आणि आता कुठं खुर्चीवर बसल्या. "पण तूही चुकतोयस. आगाशे सर फोनवर सांगत होते, कंपनीला तोच पट्टा विस्तारासाठी हवाय. तू रिकामा दाखवलास म्हणूनच तो त्यांना मिळणार आहे."

संतिगीच्या चेहऱ्यावरचा राग एकदम ओसरला. "विस्तार? मला वाटलं, बांधाच्या वरच वाढवणार आहेत. खाली तर त्यांना पाणी नेता येत नाही."

"पाणी त्यांच्याच हातात आहे. बांधाला एक दार बसवलं की झालं."

तो पलंगाच्या कडेवर बसला. मग ललिताताई म्हणाल्या, "आईला फोन लाव. हे आपण दोघांनी इथं बसून ठरवायचं नाही."

फोनवर एक उभट, उन्हानं रापलेला चेहरा आला. मागे कोंबड्या आणि कुठंतरी भात कांडण्याचा आवाज. ही संतिगीची आई, 'या पोस्सेह', म्हणजे पोस्सेहबाई. तिकडे वडीलधाऱ्या बाईला 'या' म्हणतात, हे संतिगीनं हळूच सांगितलं. त्याच्या तोंडून ती सगळं ऐकत गेली. मग तिनं ललिताताईंकडे रोखून पाहिलं आणि काही विचारलं.

"ती विचारतेय, तुम्ही कोणाच्या बाजूच्या? कंपनीनं तर बसवलं नाही ना तुम्हाला?" संतिगी ओशाळून म्हणाला.

ललिताताईंना त्या बाईचा हा संशय फार आवडला. "तिला सांग, तिनं विश्वास ठेवू नये. फक्त एवढं सांगावं, की बांध व्हायच्या आधी त्या चराच्या जागी काय होतं?"

उत्तर आलं ते लांबलचक होतं. संतिगीनं मध्ये मध्ये प्रश्न विचारले आणि त्याचा आवाज बदलत गेला. "ती म्हणते, तिथं ओढ्याचा दुसरा फाटा होता. आजीच्या वेळेपासून. बांधाच्या मातीखाली तो बुजला. बायकांनी नवीन काही खणलं नाही, बुजलेला फाटाच मोकळा केला. मॅडम, हे मला कधी कोणी सांगितलंच नव्हतं. मी बाहेर शिकायला होतो."

"नकाशात दाखवायचं का, विचार."

खाचरं आपली एकटीची नाहीत, बायकांना विचारून सांगते, असं या पोस्सेह म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

ललिताताई वाट बघत बसल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आणि संतिगीनं बांधाच्या आधीची जुनी चित्रं काढली. बरीचशी ढगांनी भरलेली होती. उन्हाळ्याची जी स्वच्छ होती, त्यांत ओढ्याची मुख्य धार दिसत होती आणि टेकडीच्या पायथ्यानं गेलेली झाडांची एक बारीक, वाकडी रांग. सगळीकडे गवत वाळलेलं असताना ती रांग हिरवी होती. खाली पाणी असल्याशिवाय तशी हिरवळ टिकत नाही. त्यावर त्यांनी आजचा चर ठेवून पाहिला. तो त्या रांगेवरून जवळजवळ जसाच्या तसा जात होता.

सुरुची मागे येऊन उभी राहिली. "ताई, हा तर सेमच रस्ता आहे!"

"रस्ता नाही, ओढा आहे," संतिगी म्हणाला.

गुरुवारी रोथाम्बाहून निरोप आला. बायकांची दोन वेळा बैठक झाली होती आणि दुसऱ्या वेळी भांडणही झालं होतं. काही जणी अजून घाबरत होत्या. पण या पोस्सेहनं कळवलं होतं: दाखवा. मात्र चर एकटा दाखवू नका, त्याच्याबरोबर जुना फाटाही दाखवा. आणि त्याच्या बाजूला बांध केव्हा आला, तेही लिहा.

ललिताताई नवा नकाशा घेऊन केबिनमध्ये गेल्या तेव्हा भांडायच्या तयारीनं गेल्या होत्या. आगाशेंनी चष्मा कपाळावर चढवला आणि बराच वेळ पानं उलटली.

"ओव्हाळबाई, आपण पुण्यात बसून आफ्रिकेतली झुडपं मोजतो. झुडपांची काही तक्रार नव्हती. तुमचीच दिसते."

"ती झुडपं नाहीत. भात आहे. आणि फोनवर तुम्ही त्या लोकांना काय सांगत होता, ते मी ऐकलंय."

"दाराआडून?"

"दार उघडं होतं."

आगाशेंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. "मला जो नकाशा दिला, त्यावरून सांगितलं. तो चुकीचा होता, हे तुम्हाला माहीत होतं आणि मला नव्हतं. माझ्याकडे यायला तुम्हाला एवढे दिवस लागले, ते का?"

ललिताताईंनी जुन्या फाट्याचं पान त्यांच्यापुढे सरकवलं. आगाशेंनी ते पाहिलं.

"हे खरं आहे ना? कोणी उलटतपासणी केली तर टिकेल?"

"टिकेल."

"मग पाठवतो."

इतक्या सहज? त्या जागच्या हलल्या नाहीत. "पाठवाल तेव्हा मेलमध्ये माझंही नाव घाला."

"घालतो," आगाशे म्हणाले. "हवं तर माझ्या खुर्चीत बसून तुम्हीच बटण दाबा. मी उभा राहतो. तेवढाच व्यायाम."

ललिताताई खरोखर वळसा घालून त्यांच्या खुर्चीशी गेल्या, जोडलेली फाईल उघडून खालच्या पट्ट्याचं पान पाहिलं आणि मगच मेल पाठवला. आगाशे उभेच होते. त्यांच्याविषयीचा संशय ललिताताईंच्या मनातून पुरता गेला असं नाही, पण त्याची धार कमी झाली.

सल्लागार संस्थेचं उत्तर गोड शब्दांत आलं: जुन्या फाट्याचं पान मूळ अभ्यासाच्या कक्षेबाहेरचं वाटतं, ते काढता आलं तर बरं. आगाशेंनी एका ओळीत कळवलं, की पान काढल्यास आमचं नावही काढावं. पान राहिलं, पण कामाचा पुढचा टप्पा दुसऱ्या कोणाला तरी मिळाला. त्यानंतर कितीतरी दिवस आगाशे चहाच्या वेळी ललिताताईंना "आज कोणती झुडपं?" म्हणून विचारत आणि त्यात पूर्ण विनोद नसे.

दिवाळी उलटून गेल्यावर एका दुपारी संतिगी फोन हातात धरून त्यांच्या टेबलाशी आला. रोथाम्बात कापणी झाली होती. कंपनीची माणसं चर बघायला आली, तेव्हा बायका गावच्या मुखियाला घेऊन तिथं उभ्या राहिल्या आणि अहवालातलं ते पान त्यांनी पुढे केलं. अटक कोणाला झाली नाही. खालची जमीन मागायचा विषय कंपनीनं तूर्त बाजूला ठेवला होता. उलट चराच्या तोंडाशी स्वखर्चानं एक पक्कं दार बसवून द्यायची तयारी दाखवली होती, म्हणजे पाणी नीट सोडता येईल.

"आई खूश आहे," संतिगी म्हणाला. "उद्या बैठक आहे. बहुतेक सगळ्या हो म्हणणार."

सुरुचीनं टाळी वाजवली. ललिताताईंनी मात्र हातातलं पेन खाली ठेवलं.

"दाराची किल्ली कोणाकडे राहणार?"

"ते विचारलं नाही."

"स्वखर्चानं दार बसवून देतायत आणि किल्लीबद्दल बोलत नाहीत. आत्ता फोन लाव. बैठकीच्या आधी."

संतिगी जिन्यात गेला नाही. तिथंच, त्यांच्या टेबलाच्या कडेला टेकून त्यानं फोन लावला आणि सगळ्या ऑफिसाला ऐकू जाईल अशा आवाजात आपल्या आईशी बोलू लागला.